पहिली मॅरेथॉन तोंडावर आलीय? लखनौच्या धुक्यातून मुंबईच्या घामापर्यंतचे शेवटचे चार आठवडे

डिसेंबर उजाडला की लखनौत भल्या पहाटे दोनच प्रकारची माणसं लगबगीत दिसतात. एक, चौकात मख्खन मलाईच्या पराती मांडणारी आणि दुसरी, कानटोपी घालून गोमतीच्या काठाने धावणारी. पहिल्यांना पक्कं ठाऊक असतं की ऊन तापायच्या आत आपला माल खपणार. दुसऱ्यांचं मात्र काही म्हणता काही नक्की नसतं. त्यातून तुमची ती पहिलीच मॅरेथॉन असेल तर विचारूच नका.

पावसाळा संपल्यापासून तुम्ही धावताय. ५ किलोमीटरचे १० झाले, १० चे २१ झाले. टाटा मुंबई मॅरेथॉनला नाव घातलं, पैसे भरले, ऑफिसात सांगून बसलात आणि आईने नागपूरच्या मावशीपर्यंत बातमी पोहोचवली. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. म्हणजे हातात उरले जेमतेम चार आठवडे. माझंही नाव यंदा त्या यादीत आहे, आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसून शब्द टाइप करणाऱ्या मुलीने ४२ किलोमीटर धावायचं ठरवलं की काय काय वाचावं, विचारावं लागतं ते सगळं या दोन महिन्यांत करून झालंय. त्यातलं जे उपयोगाचं वाटलं ते तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही लखनौत नसाल, पुण्यात किंवा इंदुरात असाल, तरी बरंचसं तसंच लागू पडेल. धुक्याचा भाग सोडून द्या.

सगळ्यात लांब रविवार

मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. सरावात एवढं कुणी धावत नाही, आणि नव्याने धावणाऱ्याने तर मुळीच धावू नये. शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी एक सर्वांत लांब धाव घ्यायची, ३० ते ३२ किलोमीटरची. तुमचा वेग कमी असेल तर अंतरापेक्षा घड्याळाकडे बघा. साडेतीन-चार तासांच्या पुढे पाय रेटण्यात फायदा थोडा आणि दुखापतीची भीती जास्त.

"पण ३२ वरून ४२ कसं गाठणार?" हा प्रश्न घरातला प्रत्येक माणूस विचारतो. उत्तर असं की त्या लांब रविवारी तुम्ही थकलेल्या पायांनी धावता, कारण आठवडाभराचा सराव अंगात मुरलेला असतो. शर्यतीच्या दिवशी पाय ताजे असतात. शिवाय व्यायामाचा परिणाम शरीरात उतरायला दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणजे शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात घाबरून जोरदार धावलात, तर त्याचा फायदा मिळेल तो शर्यत झाल्यावर, आणि थकवा मिळेल तो शर्यतीत.

लखनौत या लांब धावेसाठी जागांची वानवा नाही. जनेश्वर मिश्र पार्क ३७६ एकरांचा आहे, आत गाड्यांचा त्रास नाही. गोमती रिव्हरफ्रंट आहे, लोहिया पार्क आहे. कंटाळा येतो खरा, त्याच झाडाला पाचव्यांदा वळसा घालताना, पण धुक्यात उघड्या रस्त्यावर जाण्यापेक्षा तो कंटाळा बरा. रस्त्यावरच जायची वेळ आली तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने धावा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट घाला आणि कानातले इअरफोन घरी ठेवा. मुलींनी काळोखात एकटीने निघू नये असं मी लिहिलं तर ते उपदेशासारखं वाटेल. म्हणून एवढंच सांगते की पहाटे धावणारे गट या शहरात आहेत, आणि गटात धावलं की कुत्रीही कमी भुंकतात.

हवा कधी बरी असते?

आता त्या विषयाकडे येऊ ज्यावर धावणारे सहसा बोलायचं टाळतात. उत्तरेतल्या हिवाळ्यात हवा वाईट असते. आणि आपण जी वेळ शुद्ध, सात्त्विक वगैरे समजतो, ती पहाटच नेमकी जास्त वाईट असते. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते, वर थोडी उबदार हवा झाकणासारखी पसरते. रात्रभरातला धूर, धूळ, शेकोट्या, ट्रक, सगळं त्या झाकणाखाली साचतं. ऊन वर आलं की जमीन तापते, हवा वर सरकू लागते आणि झाकण उघडतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहा-अकरानंतरची हवा पहाटे पाचच्या हवेपेक्षा बहुतेक वेळा बरी असते.

"ब्राह्ममुहूर्तावर धावावं" असं तुमच्या आजोबांनी सांगितलं असेल, तर त्यांच्या वेळी ते बरोबरच असणार. आज मात्र फोनवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अॅप उघडा आणि आकडा बघा. आपल्याकडच्या मोजमापात ५० पर्यंत चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अतिशय खराब आणि त्यापुढे गंभीर. शहराचा एकच आकडा बघून थांबू नका. लखनौतच तालकटोराच्या औद्योगिक भागातलं केंद्र आणि कुकरैलच्या जंगलाजवळचं केंद्र यांच्या आकड्यांत बऱ्याचदा मोठा फरक असतो.

माझा नियम साधा आहे. २०० च्या आत असेल तर ठरलेली धाव. २०० ते ३०० असेल तर धाव दुपारी ढकलायची किंवा छोटी आणि संथ करायची. ३०० च्या वर गेला की दारं-खिडक्या बंद करून जिममधली ट्रेडमिल. एक दिवस धावलं नाही तर मॅरेथॉन बुडत नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी, पूर्वी छातीचं दुखणं झालेल्यांनी हा नियम माझ्यावर विसंबून न घेता डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

सराव सात अंशांत, शर्यत पंचवीसमध्ये

लखनौकर धावपटूची खरी अडचण हवेच्याही पुढची आहे. आपण सराव करतो तेव्हा पारा सहा-सात अंशांवर असतो, हातमोजे घालूनही बोटं बधिर होतात. आणि शर्यत असते मुंबईत, जिथे जानेवारीतही हवेत दमटपणा असतो आणि सकाळी नऊच्या सुमाराला ऊन चांगलंच चटकतं.

यात आणखी एक अन्याय दडलेला आहे. हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन गेली काही वर्षं पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटते. चार तासांत संपवणारा नऊला मोकळा होतो. साडेपाच तास लागणारी तुमच्या-माझ्यासारखी माणसं साडेदहापर्यंत रस्त्यावर असतात. म्हणजे ज्याची तयारी कमी, त्याच्या वाट्याला ऊन जास्त.

शरीराला उकाड्याची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रवभाग वाढतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. आठवडाभर आधी मुंबईत जाऊन राहण्याएवढी रजा कुणाला मिळते? मग घरीच जमेल ते करायचं. शेवटच्या दोन आठवड्यांत काही सोप्या धावा दुपारच्या उन्हात घ्या. एखादा कपडा जास्त घालून धावा, म्हणजे घाम येईल. धाव संपल्यावर सोसेल अशा गरम पाण्यात बसणं हाही एक मार्ग आहे, पण बाथटब आपल्याकडे असतो कुणाच्या घरी? गरम पाण्याची बादली आणि बंद न्हाणीघरातली वाफ, एवढ्यावर भागवा. चक्कर आली किंवा मळमळलं की लगेच थांबा. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर या वाटेला जाऊच नका.

एवढं करूनही मुंबईत तुमचा वेग लखनौपेक्षा कमीच राहणार हे गृहीत धरा. पाच तासांच्या आत यायचं तर किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद पडतात. थंडीत हा वेग लीलया जमत असेल, तर मुंबईत सुरुवातीला तरी किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद सोडून द्या.

चढाचाही विचार हवा. लखनौ तळहातासारखं सपाट. मुंबईत पेडर रोड आहे, आणि बऱ्याच वर्षांच्या मार्गात तो परतीच्या वाटेवर, पाय पार गळलेले असताना येत आलाय. मार्गात अधूनमधून बदल होतात म्हणून आपल्या वर्षाचा नकाशा आधी नीट पाहून घ्या. सरावासाठी नदीच्या बांधाचा उतार चालेल. पाच-सहा वेळा चढा, सावकाश उतरा. शेवटच्या दहा दिवसांत मात्र तेही बंद.

रायबरेली आणि साताऱ्याच्या दोघी

थोडं विषयांतर करते. लखनौहून साधारण ८० किलोमीटरवर रायबरेली. तिथली सुधा सिंह. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये तिने ३००० मीटर स्टीपलचेसचं सोनं जिंकलं. पुढे २०१८, २०१९ आणि २०२० अशी तीन वर्षं लागोपाठ ती मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. २०१९ ची तिची वेळ होती २ तास ३४ मिनिटं ५६ सेकंद. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. तिच्या आधी हीच हॅटट्रिक केली होती आपल्या साताऱ्याच्या ललिता बाबरने, २०१२, २०१३ आणि २०१४ मध्ये. माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी. दुष्काळी भाग, पाण्यासाठी पायपीट, आणि त्यातून ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत जाऊन दहावी आली. गंमत म्हणजे ललिताही पुढे स्टीपलचेसकडे वळली आणि एकाच शर्यतीत या दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. एक अवधची, एक माणदेशची, आणि दोघींचं नाव झालं त्याच मुंबईच्या रस्त्यावर.

आणखी मागे जायचं तर १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकपर्यंत जावं लागेल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी मुलं दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला पाठवायचा ध्यास घेतला. त्या चमूतला बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा जास्त होतं, ४२.७५ किलोमीटर. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. त्याच शर्यतीत दुसरे मराठी धावपटू होते सदाशिव दातार. त्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. तरी शंभर वर्षांनंतरही ऑलिंपिकच्या नोंदींत त्यांचं नाव आहेच. पुढे आजारपणाचा मुद्दा येईल तेव्हा दातारांना आठवा.

टेपर, म्हणजे घरच्यांची परीक्षा

शेवटचे तीन आठवडे सराव टप्प्याटप्प्याने कमी करायचा असतो. धावणारे याला टेपर म्हणतात. समजा तुम्ही आठवड्याला ५० किलोमीटर धावत होतात, तर पहिल्या आठवड्यात ४०, दुसऱ्यात ३०, आणि शर्यतीच्या आठवड्यात शर्यत सोडून १२ ते १५. अंतर घटवायचं, पण धावण्याचे वार तेच ठेवायचे. मधूनच दोन-तीन किलोमीटर शर्यतीच्या वेगाने काढायचे, म्हणजे पायांना ओळख राहते.

ऐकायला सुट्टीसारखं वाटतं. प्रत्यक्षात माणूस पिसाळतो. इतके दिवस जी शक्ती रस्त्यावर खर्च होत होती ती घरात सांडू लागते. रात्री झोप येत नाही. कधी न दुखलेला गुडघा दुखतो, टाचेत काहीतरी टोचतं, घसा खवखवल्यासारखा वाटतो. यातलं बरंचसं मनाचं असतं. खरं दुखणं ओळखायची एक खूण आहे. चालताना लंगडावं लागत असेल, किंवा दुखणं एकाच बोटभर जागेवर असून रोज वाढत असेल, तर डॉक्टरांकडे जा. आज इथे, उद्या तिथे दुखत असेल तर ते टेपरचं दुखणं. चहा घ्या.

नेमकी याच दिवसांत संक्रांत येते. तिसरा रविवार १५ ते २१ तारखेच्या मध्ये पडतो, म्हणजे १४ चा सण शर्यतीच्या आठवडाभर आधी, कधी तर आदल्या दिवशी. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत हळदीकुंकू जरा जास्तच उत्साहाने होतं, आणि सगळ्यांना यानिमित्ताने भेटायचं असतं. तुमच्या घरी असेल तर वाण आणायला बाजारात चार तास उभं राहण्याचं काम यंदा नवऱ्याला, भावाला किंवा सासूबाईंना द्या. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, तेव्हा शर्यतीनंतरची तारीख धरली तर पदकही दाखवता येईल.

खिचडी, गूळपोळी आणि ती 'भिंत'

आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो साधारण १८०० ते २००० कॅलरींचा. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी लागते. ६० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी हिशेब होतो अडीच हजारांचा. तूट कुठे पडते ते उघड आहे. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय शिशाचे होतात, डोकं चालेनासं होतं, रडू येतं. याला धावणारे 'वॉल लागली' म्हणतात.

यावर उपाय दोन. एक, शेवटच्या दोन-तीन दिवसांत पिष्टमय खाणं वाढवायचं. एका जेवणात पोट फुटेस्तोवर खायचं नाही. दिवसभर भात, पोळी, बटाटा, पोहे, केळी यांचं प्रमाण वाढवायचं आणि तेल-तूप, मोड आलेली कडधान्यं, कच्च्या कोशिंबिरी कमी करायच्या. वजन किलो-दीड किलो वाढेल. घाबरू नका. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर शरीर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, तेच वजन असतं.

यूपीत संक्रांतीला 'खिचडी' म्हणतात आणि त्या दिवशी घरोघरी खिचडीच करतात. मॅरेथॉनवाल्यांसाठी याहून सोयीचा सण नाही. मूगडाळीची मऊ खिचडी, वर थोडंसंच तूप, हे शर्यतीच्या आदल्या रात्रीचं उत्तम जेवण. तिळगूळ एखादा खा, गोड बोला. पण तिळात तेल आणि चोथा दोन्ही भरपूर, म्हणून डबा घेऊन बसू नका. गूळपोळी आवडत असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत चालेल. कबाब, निहारी आणि मख्खन मलाई शर्यतीनंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

दुसरा उपाय धावताना खाण्याचा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. एका जेलच्या पाकिटात साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यातही तेवढेच. खजूर चालतो, मऊ गुळाचे खडे चालतात. पण जे शर्यतीत खाणार ते लांब रविवारच्या धावेत आधी खाऊन बघितलेलं हवं. मुंबईकर रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून संत्री, बिस्किटं, गोळ्या, काय काय हातात देतात. त्यांच्या प्रेमाला नमस्कार करा. सवय नसलेलं मात्र तोंडात टाकू नका.

पाणी: जास्तही वाईट

घरून निघताना प्रत्येक जण सांगेल, "पाणी भरपूर पी गं." हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं होतं. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलं होतं. कारण पाणी कमी पडलं हे नव्हतं. ते घामापेक्षा जास्त पाणी प्याले होते, आणि धावताना त्यांचं वजन उलट वाढलं होतं. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका अधिक, कारण त्यांना वाटेत प्रत्येक टेबलावर थांबायला सवड असते.

तेव्हा तहान लागेल तसं, घोट-घोट प्या. अधूनमधून इलेक्ट्रोलाइटचं पेय घ्या. बोटं सुजली, अंगठी रुतू लागली, डोकं दुखून मळमळायला लागलं, काही सुचेनासं झालं, तर आणखी पाणी न पिता सरळ वैद्यकीय मदतकेंद्रावर जा. आणि धावायच्या आधी किंवा मध्ये दुखणं मारणाऱ्या गोळ्या घेऊ नका. घाम गेलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर भार टाकतात.

न धावण्याचा निर्णय

आता सगळ्यात अवघड गोष्ट. शेवटच्या आठवड्यात ताप आला तर?

धावपटूंमध्ये एक जुना ठोकताळा आहे. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक गळतंय, शिंका येताहेत, तर हलकं धावायला हरकत नाही. मानेखाली गेला, छातीत कफ, अंगदुखी, ताप, तर धावणं बंद. तापातून उठून लगेच ४२ किलोमीटर धावणं धोक्याचं असतं, कारण काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते आणि वरून काहीच कळत नाही. "चार महिन्यांची मेहनत वाया जाईल" हे वाक्य तेव्हा डोक्यात घुमत राहणार. मेहनत वाया जात नाही, ती पायांत असते, आणि पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसऱ्या कुठल्यातरी शहरात शर्यत असतेच. घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा, की अशी वेळ आली तर तू 'नको' म्हण आणि मी ऐकेन. आमच्या घरी हे काम आईला दिलंय. तिने ते जरा जास्तच उत्साहाने घेतलंय.

चाळिशीपुढच्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, आणि धावताना छातीत कधी दडपण किंवा चक्कर जाणवली असेल अशा कुणीही तपासणी केल्याशिवाय सुरुवातीच्या रेषेवर उभं राहू नये. बायकांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. किरकोळ वाटणाऱ्या दमण्याचं मूळ पुष्कळदा तिथे सापडतं.

आणि पाळी. आपल्याकडे लग्न, पूजा, प्रवास काहीही असलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास आणल्या जातात. शर्यतीसाठी म्हणून अशी गोळी पहिल्यांदाच, दुकानातून स्वतः आणून घेऊ नका. हार्मोनच्या काही गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढू शकतो, आणि तुम्हाला पुढे चोवीस तासांचा रेल्वेप्रवासही करायचाय. डॉक्टरांशी महिनाभर आधी बोला. नाहीतर लांब धावेत एकदा पॅड, टॅम्पॉन किंवा कप यातलं काय सोसतं ते बघून ठेवा. पाळीत असंख्य बायका मॅरेथॉन पूर्ण करतात.

गाडी, बिब आणि रविवार

लखनौहून मुंबईला पुष्पक एक्सप्रेसने साधारण २४ तास लागतात. पण जानेवारीचं धुकं रेल्वेचं वेळापत्रक मानत नाही. बिब शर्यतीच्या सकाळी मिळत नाही, ते आधीच्या दिवसांत एक्स्पोमधून घ्यावं लागतं. म्हणून गुरुवारी रात्री निघण्याचा मोह टाळून बुधवारचं तिकीट काढा. गाडी आठ तास रखडली तरी शुक्रवारी हातात असतो. बूट, शर्यतीचे कपडे आणि जेल हातातल्या बॅगेत ठेवा. डब्यात दर दोन तासांनी उठून फेरी मारा. शेजारच्या बर्थवरच्या काकू विचारतीलच, त्यांना खरं कारण सांगा.

एक्स्पोत नवे बूट, नवे मोजे, नवी जेल, सगळं सवलतीत असतं. बघा आणि पुढे चला. ज्या बुटांत पन्नास-ऐंशी किलोमीटर झालेले आहेत तेच रविवारी पायात हवेत. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. मांड्या, काखा, ब्राची कड, जिथे जिथे घासतं तिथे व्हॅसलीन चोपडा. शनिवारी मुंबईदर्शन करत फिरू नका. शनिवारी रात्री झोप लागणार नाही, ते चालतं. शुक्रवारची झोप महत्त्वाची.

रविवारी पहिले दहा किलोमीटर तुम्हाला स्वतःला लाज वाटेल इतके सावकाश धावा. सगळे पुढे जातील, एखादे आजोबा तर गप्पा मारत जातील. जाऊ द्या. एकविसाव्या किलोमीटरला "अजून बरंच बळ आहे" असं वाटलं तर तुम्ही बरोबर चाललाय. तिसाव्यानंतर पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंतचाच विचार करा. चालावंसं वाटलं तर चाला. टेबलाजवळ मिनिटभर चालायचं असं आधीपासून ठरवून ठेवलं तर तेवढी विश्रांती मिळते आणि हरल्यासारखं वाटत नाही.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. दहा मिनिटं चालत राहा, काहीतरी खारट खा, कपडे बदला. दोन दिवस जिने उलटे उतरावे लागतील, म्हणजे शब्दशः पाठ करून, कठडा धरून. म्हणूनच परतीचं तिकीट काढताना एक गोष्ट आठवणीने करा. खालचा बर्थ मागा.